साराय घरचे ऊर्काद

कंपनीचं नाव आमच्या गावात कुणीच सारखं म्हणायचं नाही. पॅरिसहून आलेले साहेब ‘एल्फ’ म्हणून तोंड झटकन मिटायचे, जणू उघडं ठेवलं तर माशी आत जाईल. आमच्या कॅफेतला ग्रासियँ पत्ते पिसता पिसता ‘एल्फे’ म्हणायचा आणि शेवटचा एकार एवढा ताणायचा, की त्यावर बसून माणसाने ओर्तेझच्या बाजाराला जाऊन यावं. झेलीबाई साराय तर ते नाव तोंडात घ्यायच्याच नाहीत. कंपनी सरकारची, म्हणून नवऱ्याला ‘तुझी ती सरकारी’ म्हणायच्या, सवतीबद्दल बोलावं तशा. आणि त्यांचे नवरे, एवारिस्त आजोबा, कंपनीला नुसतं ‘घर’ म्हणायचे. ‘मी घरी होतो ना, तेव्हाची गोष्ट’ अशी सुरुवात झाली की समजायचं, आता खाली खोऱ्यातल्या लाकच्या वायूच्या कारखान्याबद्दल चाललंय. बायकोच्या घराला ते ‘वर’ म्हणायचे, कारण ते टेकडीवर आहे. ‘चला, वर जातो, सूप निवत असेल.’

आजोबा माझे सख्खे नव्हेत. आईच्या कॅफेत कोपऱ्यातलं टेबल त्यांचं, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर मी शाळेचा अभ्यास करायचे, म्हणून आजोबा. अभ्यास कमीच व्हायचा. कान पलीकडे असायचे.

आमच्याकडे माणसाला नाव देतं ते घर. घराचं नाव साराय असेल तर आत राहणारे सगळे साराय, त्यांची गाय साराय आणि कुत्रासुद्धा सारायांचाच. घर थोरल्याला मिळतं. थोरली मुलगी असली तर तिला. राहिलेल्यांनी पाद्री व्हायचं, नाहीतर अमेरिकेत मेंढ्या राखायला जायचं, नाहीतर जिला घर मिळालंय अशी मुलगी शोधून तिच्याकडे घरजावई म्हणून शिरायचं. चर्चमध्ये जाताना नवरदेव ज्या घरचा असेल त्या घरचा. बाहेर येतो तो बायकोच्या घरचा. कागदावर जुनं आडनाव राहतं म्हणा, पण कागदावर राहतो कोण?

एवारिस्त आजोबा ऊर्काद घरचे धाकटे. त्यांचा थोरला भाऊ ज्युस्तँ. लाकला विहीर खणताना खालचा वायू उसळून वर आला, सगळ्या खोऱ्याला कुजक्या अंड्यांचा वास लागला आणि सरकारने तिथे कारखाना घालायचं ठरवलं, तेव्हा ऊर्कादांचं शेत नेमकं मध्ये आलं. ज्युस्तँने एका शब्दाचीही घासाघीस न करता घर विकलं आणि तो बोर्दोला गेला. तिथे त्याने म्हणे स्वयंपाकघरात गुलाबी फरशी बसवली. आजोबांना अख्ख्या व्यवहारात ती गुलाबी फरशीच सर्वांत जास्त लागली होती. ऊर्कादांची चूल जिथे होती तिथे पुढे गंधकाचे पिवळेधमक ढीग उभे राहिले. टेकडीवरून अजून दिसतात.

त्याच सुमाराला त्यांचं झेलीबाईंशी लग्न झालं आणि ते साराय झाले. ‘साराय, तुझं कुंपण मोडलंय.’ ‘साराय, बिशपसाहेब येणारेत, हात धुऊन ये.’ ऊर्काद असा माणूस जगात राहिलाच नाही. पण मग कंपनीत भरती निघाली. भरती करणारे साहेब कुठून कुठून आलेले, त्यांना घर कळत नव्हतं की जावई. त्यांनी कागद बघितला आणि शिरस्त्राणावर रंगाने लिहून दिलं, ऊर्काद. दुसऱ्या दिवशी कर्ण्यातून नाव आलं. देल्वाल नावाचा उत्तरेकडचा माणूस त्या कर्ण्यावर होता, नाकात बोलायचा आणि प्रत्येक नावाला शेवटी खाली आपटायचा. ‘ऊर्काद, चौथ्या झडपेवर. ऊर्काद.’

आजोबा सांगायचे की ते तिथेच उभे राहिले. त्यांचं घर होतं त्याच जमिनीवर, त्यांच्या घराचं नाव आकाशातून. फोरमन ओरडला की बहिरा आहेस का, तेव्हा कुठे पळाले.

मग जन्मभर झडपा. त्या वायूची एक खोड होती: वास येतोय तोवर ठीक, वास यायचा थांबला की पळायचं, कारण तेव्हा नाकच मेलेलं असतं. झडपांवरची माणसं म्हणून सारखी हुंगत असायची, आजोबा निवृत्त झाल्यावरही कॅफेत शिरताना दारात थबकून दोनदा हुंगायचे. आई म्हणायची, माझ्या कॉफीचा एवढा अपमान कुणी केला नाही. त्यांच्या खिशातली नाणी काळी पडायची. झेलीबाईंच्या गळ्यातला चांदीचा क्रूस काळा पडला, तो त्यांनी राखेने घासून पांढरा केला, पुन्हा काळा पडला, आणि तेव्हापासून त्यांचा त्या सरकारीवर दात होता.

कंपनी मात्र वाढत गेली. सुरुवातीला तिचं नाव आमच्या प्रांतावरून, आकितेनवरून होतं आणि इतकं लांब होतं, की ते म्हणेपर्यंत कॉफी गार व्हायची. मग सरकारने आपल्या दुसऱ्या कंपन्यांशी तिची मोट बांधली आणि झालं एल्फ-आकितेन. लाल गोल खुणेचे पेट्रोलपंप निघाले. माणसं गॅबनला गेली, उत्तरेच्या समुद्रात गेली. आजोबांनाही बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत. तिकडच्या कर्ण्यातून नाव आलं असतं, पण खाली ती जमीन नसती.

निवृत्त झाल्यावर त्यांची पंचाईत झाली ती इथेच. वारा दक्षिणेचा असला की कारखान्याचा कर्णा आमच्या गावापर्यंत ऐकू येतो. लहानपणापासून मी तो ऐकत आलेय; देल्वाल केव्हाच लिलला परत गेला होता, पण नंतरच्यांनी त्याचाच नाकातला सूर उचलला होता. असं वारं सुटलं की आजोबा कॅफेबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. कर्ण्यातून लाफित यायचा, मोन्तेरो यायचा, कोणी बेन सईद यायचा. ऊर्काद कशाला येईल?

एकदा मला लहर आली. मी वहीची नळी केली, नाक दाबलं आणि त्या सुरात म्हणाले, ‘ऊर्काद, चौथ्या झडपेवर. ऊर्काद.’ आजोबा खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांचा हात टेबलाखाली शिरस्त्राण चाचपू लागला. कॅफेत एवढा हशा पिकला की ग्रासियँच्या नाकातून वाइन आली. आजोबाही हसले. आईने मला आत नेऊन कान उपटला. पण दुसऱ्या दिवशी आजोबांनी पत्ते लावता लावता, माझ्याकडे न बघता विचारलं, “काय गं मायलीस, आज कर्णा बिघडलाय वाटतं?”

मग ते रोजचंच झालं. मी म्हणायचे, ते बसल्या जागी मान हलवायचे, आणि खेळ पुढे चालू.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, मी चौदाची असताना, बातमी आली की टोटाल आमची कंपनी गिळणार. टोटालही फ्रेंचच, पण ती पॅरिसची, म्हणजे आमच्या दृष्टीने परकीच. आधीच तिने बेल्जियमची फिना पोटात घातली होती. कॅफेत त्या दिवशी कुणी पत्ते हातात धरले नाहीत. ग्रासियँचं म्हणणं पडलं की यात नवल काय, सरकारने पाच वर्षांपूर्वीच कंपनी बाजारात नेऊन विकली. बापानेच हात काढून घेतल्यावर पोरीला कोणीही उचलून नेणार. पोरगी नव्हे, धाकटा मुलगा म्हण, असं पोस्टमन म्हणाला. म्हणजे मग कोण कोणाकडे घरजावई चाललाय, यावर जी जुंपली ती जेवणाच्या वेळेपर्यंत.  आजोबा मोपेड काढून खाली गेले आणि कारखान्याच्या गेटवरची पाटी बघून आले. एल्फ होतं.

काही दिवसांनी उलटी बातमी आली. आमचेच साहेब म्हणाले, तुम्ही काय आम्हाला घेता, आम्हीच तुम्हाला घेतो. आजोबांनी सगळ्यांना झ्युरान्सों वाइन पाजली, पाद्रीसाहेबांनासुद्धा, आणि ते चक्क गायले. त्यांना गाता येत नाही. झेलीबाई रोज सकाळी पाव घ्यायला आमच्याकडे यायच्या, पाव आमच्या कॅफेतच मिळतो. पण त्या काउंटरपाशी उभ्या राहायच्या, कधी बसायच्या नाहीत, कॅफेत बसणं म्हणजे त्यांच्या लेखी काम नसणं. त्या दिवशी पाव काखेत मारून त्या आईला म्हणाल्या, “ओदेत, मोठ्या घरात शिरलेल्या धाकट्याचं नाव जातं. मला नका शिकवू. मी आणलाय एक.”

सप्टेंबरात सौदा ठरला. टोटालनेच आमच्या कंपनीला घेतलं. नवं नाव निघालं टोटालफिनाएल्फ. हे नाव म्हणून बघा, म्हणजे कळेल. टोटाल म्हणताना छाती पुढे येते, फिनापर्यंत श्वास पुरतो आणि एल्फपाशी नुसती हवा सुटते. टायर बसल्यासारखी. मी ते कॅफेत म्हणून दाखवलं तेव्हा सगळे हसले, आजोबा सोडून. ते म्हणाले, “पण आहे ना? शेवटी का होईना, आहे.”

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला नोव्हेंबरात, सर्वसंतांच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी सगळं गाव स्मशानात असतं. घराघराची एकेक फरशी, तिच्यावर घराचं नाव, खाली त्या घरची सगळी माणसं. आमची फरशी सारायांच्या शेजारी. आई शेवंतीच्या कुंड्या आणायला गाडीकडे गेली होती आणि मी आमच्या दगडावरचं शेवाळ खरवडत बसले होते. पलीकडे झेलीबाई गुडघ्यावर बसून ब्रश चालवत होत्या आणि आजोबा बादली धरून उभे. त्या दोघांचं एक होतं, ती त्यांना अरे-तुरे करायची आणि ते तिला अहो-जाहो. घर तिचं ना.

“झेली, एक मागू का तुमच्याकडे?”

“माग. देईन असं नाही.”

“इथे खाली. कोपऱ्यात. बारीक अक्षरांत चालेल.” त्यांनी बुटाच्या टोकाने जागा दाखवली. “ऊर्काद.”

मी खरवडायची थांबले, मग लक्षात आलं की आवाज थांबलेला कळेल, म्हणून पुन्हा सुरू केलं.

झेलीबाईंनी मान वर केली नाही. “या खाली माझा बाप आहे. पोए घरचा. कुठे दिसतोय तुला पोए? त्याच्या शेजारी आईचा बाप, तो कुठल्या घरचा हे मलाही ठाऊक नाही. ते सगळे साराय म्हणून गेले. त्यांनी कधी मागितलं नाही.”

“तुमच्याकडे नसेल मागितलं. तुमच्या आईकडे मागितलं असेल.”

ब्रश थांबला. मला वाटलं आता बादली डोक्यावर जाणार. पण झेलीबाई नुसत्या त्या ओल्या दगडाकडे बघत राहिल्या. आजोबांनी तेवढ्यात घाईघाईने कंपनीचं पुढे केलं: बघा, एवढ्या मोठ्या घराने धाकट्याला घेतलं पण नाव पुसलं नाही, शेवटी लावलं. आकितेनही तसंच शेवटी लावलं होतं, ते वर्षानुवर्षं राहिलं. जगाची रीत बदलतेय.

“जगाची मला सांगू नकोस,” झेलीबाई म्हणाल्या. “असं कर. ते शेपूट टिकू दे. तू मरशील त्या दिवशी तुझ्या सरकारीचं नाव त्या पाटीवर असेल, तर दगडवाल्याला मी स्वतः बोलवीन. मोठ्या अक्षरांत.”

“आणि गेलं तर?”

“तर या दगडापाशी पुन्हा तोंड उघडायचं नाही.”

आजोबांनी बादली खाली ठेवली. बैलबाजारात सौदा पक्का करतात तसा त्यांनी तळवा पुढे केला, झेलीबाईंनी ओल्या हाताने त्यावर टाळी मारली, आणि पाणी उडून माझ्या पायावर आलं.

मी ते कुणाला सांगितलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. संध्याकाळपर्यंत कॅफेला माहीत होतं. मी दोघांचे आवाज काढून सांगितलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी आजोबांची मोपेड टेकडीवरून खाली जायची, गेटपाशी वळायची आणि कॅफेशी येऊन थांबायची. ग्रासियँ पत्ते वाटता वाटता विचारायचा, काय एवारिस्त, शेपूट आहे का जागेवर? आजोबा टोपी काढून म्हणायचे, आहे. बस. मग ग्रासियँचं ठरलेलं असायचं, की मग आजच मर की लेका, फायद्यात राहशील, उद्याचं काय सांगावं. आजोबा गंभीरपणे म्हणायचे की आज नको, आज एक्का हातात आहे.

गंमत म्हणून ठीक होतं. पण दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि मग गंमत कुणाला सुचेना. आई मला त्यांना भेटायला घेऊन गेली. सारायांच्या घरात मी पहिल्यांदाच आतल्या खोलीपर्यंत गेले. आजोबा मोठ्या पलंगात लहान झाले होते. श्वास घेताना त्यांच्या छातीत जुन्या झडपेसारखी शीळ वाजायची. मला बघून त्यांनी बोटाने जवळ बोलावलं.

“पाटी बघून आलीस?”

“आहे, आजोबा. तिन्ही नावं आहेत.”

“मग हीच वेळ बरी.” ते हे इतक्या साधेपणाने म्हणाले, जणू गाडीची वेळ सांगत होते. “आता गेलो तर जमतंय.”

दारात झेलीबाई गारब्यूर सुपाचा वाडगा घेऊन उभ्या होत्या. कोबीचा आणि डुकराच्या हाडाचा वास खोलीभर पसरला. त्यांनी ऐकलं होतं. त्या पलंगावर बसल्या, नवऱ्याच्या मानेखाली हात घातला आणि चमचा दाताशी नेला.

“गप गीळ. एवढ्या स्वस्तात तुला जिंकू देत नाही मी.”

त्यांनी तोंड मिटून धरलं. झेलीबाईंचा चमचा तसाच दाताशी राहिला. आई मला ओढत बाहेर घेऊन गेली. वाटेत ती म्हणाली की ही बाई आज रात्रभर तो चमचा खाली ठेवायची नाही. आणि आजोबा जगले. वसंतात ते पुन्हा कॅफेच्या दारात थबकून दोनदा हुंगत आत आले, तेव्हा सगळे उठून उभे राहिले. ग्रासियँ म्हणाला, हरलास रे, चांगला चान्स होता. आजोबा म्हणाले, “काय करू, सूप चांगलं होतं.” आणि हसले, पण खिडकीतून खाली पिवळ्या ढिगाऱ्यांकडे बघत.

त्यानंतर त्यांनी मला कर्ण्याबद्दल विचारणं बंद केलं. मी एकदोनदा आपण होऊन म्हटलं, तर हातानेच राहू दे म्हणाले. माझं चुकतंय का, असं मी विचारलं. मी नंतरच्या माणसांचा सूर ऐकून देल्वालचा काढत होते, थोडा फरक पडणारच. ते म्हणाले, अगदी तस्सं आहे, एक केसही इकडेतिकडे नाही. मग काय? ज्याची आठवण येते ते हे नसावं बहुतेक, असं काहीतरी म्हणाले, आणि मग पत्ते मागितले.

शेपूट गेलं ते सौदा ठरल्यापासून चौथ्या वर्षी, म्हणजे या मे महिन्यात. कंपनीने ठरवलं की एवढं लांब नाव कशाला, टोटाल पुरे. वर्तमानपत्रात आधीच आलं होतं, पण आजोबा वर्तमानपत्रावर विश्वास ठेवणारे नव्हते. त्या सकाळी मोपेड खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा आजोबा ती हाताने ढकलत होते, बिघडली नसताना. त्यांनी टोपी काढली नाही. ग्रासियँने पत्ते वाटायला घेतले होते, त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गड्डी खाली ठेवली. ग्रासियँने काही विचारलं नाही असं मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

आजोबा कोपऱ्यात बसले. आईने कॉफी ठेवली, ती तशीच राहिली. दुपारचे भोंगे झाले, माणसं जेवायला गेली, कॅफे रिकामा झाला, तरी ते उठेनात. वर जातो असं म्हणेनात. आई मला खुणेने म्हणाली, तू बस, बोलू नकोस. न बोलणं मला जमत नाही, पण बसले. ग्रासियँही गेला नव्हता. दाराशी उभा राहून उगाच पाईप कोरत होता.

मग रस्त्यावर लाकडी खडावांचा आवाज आला. झेलीबाई अॅप्रनवरच खाली उतरल्या होत्या, हाताला पीठ तसंच. दुपारी त्या कधी गावात आलेल्या मला आठवत नाहीत. त्या आत आल्या आणि टेबलापासून थोड्या अंतरावर थांबल्या. ग्रासियँने पाईप खिशात घातला. मला वाटलं, आता येतंय: सांगितलं होतं ना, मोठ्या घरात धाकट्याचं नाव जातं. आजोबांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी मान खाली घालून खांदे आवळून घेतले, गारा पडताना घोडं उभं राहतं तसं.

“दगडाचं ठरलं ते ठरलं,” झेलीबाई म्हणाल्या.

आजोबांनी मान हलवली.

“तिथे काही यायचं नाही.”

पुन्हा मान हलली.

झेलीबाईंनी हाताचं पीठ अॅप्रनला पुसलं. दोन्ही हात, नीट, बोटाबोटाने. मग त्या म्हणाल्या, “ए हुर्काद. येतोस, का मी एकटीच जेवू?”

आता हे मला नीट सांगता आलं पाहिजे. ऊर्काद नाही. हुर्काद. पुढे एक ह. छातीच्या तळातून आलेला, गरम, थंडीत काचेवर सोडावा तसा ह. आमच्या जुन्या बोलीत तो असतो, शाळेतल्या फ्रेंचमध्ये नसतो. कागदावर लिहितात, पण म्हणत कोणी नाही. देल्वालला तो ठाऊकच नव्हता. भरती करणाऱ्या साहेबांना नव्हता. तेवीस का पंचवीस वर्षांचा एवारिस्त पहिल्या दिवशी गेटवर आपलं नाव ह लावून बोलला असेल, समोरून ऊर्काद आलं असेल, आणि त्याने म्हटलं असेल, हो, तोच. आणि मग तोही तसंच म्हणायला लागला. मीसुद्धा चार वर्षं नाक दाबून त्यांना कंपनीचंच नाव ऐकवत होते.

झेलीबाईंकडे तो ह कुठून आला, ते आईने मला नंतर सांगितलं. लग्नाआधी, ओर्तेझच्या जत्रेत, मुलं मुलींना नाचायला बोलवायची तेव्हा मुलीही मुलांना घराच्या नावानेच हाक मारायच्या. ए पोए. ए लाफित. ए हुर्काद, येतोस का. लग्न झालं त्या दिवसापासून तिला ते म्हणता येणार नव्हतं, तो साराय झाला होता आणि तिनेच त्याला साराय केलं होतं.

आजोबांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला करून दाखवता येत नाही. मी आरशासमोर प्रयत्न केलाय.

“काय म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“ऐकलंस ते.”

“नीट ऐकू आलं नाही.”

“ऐकू आलं.” झेलीबाई वळल्यासुद्धा. त्यांचे कान लाल झाले होते. “सूप चुलीवर आहे. करपलं तर तूच खा.”

आजोबा उठले. मोपेड तिथेच राहिली, टोपी डोक्यावर होतीच. ग्रासियँने त्यांना वाट दिली. मी खिडकीपाशी गेले. टेकडीच्या रस्त्याला दोघं लागले होते, झेलीबाई एक पाऊल पुढे, खडावा आपटत, सरळ समोर बघत. आजोबा मागून भराभर गेले आणि त्यांच्या बरोबरीला आले. मग चालता चालता त्यांनी मान किंचित तिच्या बाजूला कलती केली, कान तिच्या तोंडाकडे येईल अशी. झेलीबाई काही बोलत नव्हत्या. वळणाशी दिसेनासे होईपर्यंत त्यांची मान तशीच कलती होती.